सहीच्या पडद्यापलीकडच्या काकू

"आधी सही, मग गप्पा." मतदाराने टेबलाशी येऊन "अय्या काकू, तुम्ही इथे?" म्हटलं की काकू एवढंच बोलायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि सही घ्यायच्या टॅबलेटचा छोटा पडदा त्याच्यापुढे करायच्या. आमचं अमेरिकेतल्या एडिसन गावचं मतदान केंद्र एका शाळेच्या जिममध्ये असतं. तिथे येणारे निम्मे लोक ओळखीचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी काकूंच्या हातचा वडाभात खाल्लेला. त्यामुळे हे वाक्य त्यांना दिवसभर पुन्हा पुन्हा वापरावं लागे.

काकू नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका. तिकडे शिक्षकांना इलेक्शन ड्युटी लागली की घरात काय तोंडं होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. काकू मात्र म्हणायच्या, "मला नाही बा कधी कंटाळा आला. आमच्या घरी मतदान म्हणजे सण. आई ठेवणीतलं लुगडं काढायची." मुलीकडे अमेरिकेत आल्या, यथावकाश नागरिक झाल्या, आणि लगेच कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात जाऊन केंद्रावर काम करायला नाव देऊन आल्या.

मी त्यांच्या शेजारी बसलो ते राज्यात गव्हर्नरची निवडणूक होती त्या वर्षी. कंपनीने मला नुकतंच घरी बसवलं होतं, म्हणून मीही नाव दिलं. इथे टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं लागतात. काकू एका पक्षाच्या, मी दुसऱ्या. दिवसभर राजकारणाचा शब्द नाही. डबा मात्र एकच, त्यांचा.

जूनमध्ये पक्षांचे उमेदवार ठरवायची पक्षांतर्गत निवडणूक झाली. दुपारी आमच्याच भागातलं एक मराठी जोडपं आलं. नवरा साठीचा, बोलका. बायको त्याच्या मागे अर्धं पाऊल. दोघांच्या सह्या झाल्या आणि तो तिच्याबरोबरच मशीनकडे निघाला.

"भाऊ, एका मशीनपुढे एकच माणूस," काकू म्हणाल्या.

"अहो, तिला इंग्लिश जमत नाही. मी तिचं करून देतो. नेहमीच देतो."

काकू उठून त्या बाईंपाशी गेल्या. "ताई, मदत पाहिजे का तुम्हाला? पाहिजे असेल तर तुम्ही म्हणाल त्याला बोलावू. यांनाही बोलावू. पण सांगायचं तुम्ही."

बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. "नावं वाचता येतात मला," त्या हळूच म्हणाल्या. "जमेल बहुतेक."

"अगं, बटणं चुकतील!"

"चुकली तर तिची चुकतील," काकू म्हणाल्या आणि नवऱ्यासाठी खुर्ची ओढली.

बाईंनी खूप वेळ घेतला. मागे रांग वाढली. एक तरुण पुटपुटला, "यार, किती वेळ?" काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फोन खिशात ठेवला. शेवटी बाई बाहेर आल्या, नवऱ्याने विचारलं, "कुणाला दिलंस?" आणि त्या म्हणाल्या, "दिलं."

दोन दिवसांनी त्याने कौंटीला तक्रार केली: काकूंनी अडवलं, अपमान केला. काकूंना फोन आला की चौकशी होईपर्यंत पुढचं काम नक्की नाही. त्यांनी मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं, जणू काही विशेष नाही. पण मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात चालली होती.

मग मलाही कौंटीतून फोन आला. काय झालं, कोण काय बोललं, सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. मी कोणत्या पक्षाचा, हे त्यांनी विचारलं तेव्हा काकूंच्या नाही, हेही सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "थँक यू, हे ऐकायचं होतं."

तरी उन्हाळाभर काही कळलं नाही. काकू रोज टपालपेटीपर्यंत जाऊन यायच्या. "काहून रोज जाता?" मुलगी विचारायची. "डॉक्टरने चालायला सांगितलं," त्या म्हणायच्या. सप्टेंबरमध्ये माझा फोन वाजला. "आलं रे पत्र," काकू म्हणाल्या. "तक्रारीत काही निघालं नाही. नोव्हेंबरला बोलावलंय."

नोव्हेंबरमध्ये ते जोडपं पुन्हा आलं. मी अंग चोरून बसलो. नवऱ्याने काकूंना नमस्कार केला नाही. पण सही झाल्यावर बायकोने आपली पर्स त्याच्या हातात दिली, कोट दिला आणि एकटी मशीनकडे गेली. तो दोन्ही सांभाळत भिंतीशी उभा राहिला. थोड्या वेळाने काकूंनी त्याला आपल्या डब्यातली वडी दिली. त्याने घेतली.

त्या निवडणुकीत काकूंचा उमेदवार जिंकला की माझा, हे तुम्हाला सांगत नाही. हरलेल्याकडे जिंकलेल्याने जेवायला जायचं असं आमचं ठरलं होतं, आणि जेवण फार छान झालं.

पुढच्या वसंतात मुलीची नोकरी सिॲटलला गेली आणि काकूही गेल्या. यंदा मी टेबलाशी अनोळखी माणसाशेजारी बसलो. तो आपलं सँडविच आपणच खातो. संध्याकाळी काकूंना फोन केला. "इथे सगळे घरूनच मत देतात रे," त्या म्हणाल्या. "पाकीट पेटीत टाकायचं, झालं. पेटीजवळ कुणी माणूसच नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"साडी नेसले, वरून रेनकोट घातला, लायब्ररीपाशी ती पेटी आहे, तिथवर चालत गेले. पाकीट टाकलं. मग जरा थांबले तिथेच. एक म्हातारा आला, एक पोरगी सायकलवर आली. दोघांनाही गुड मॉर्निंग म्हटलं." काकू हसल्या. "चांगला गेला दिवस."