फरक आलाच पाहिजे

शेवाळे सर वर्गात आले की आधी फळ्याच्या अगदी तळाशी लिहीत, 'म्हणून दोन गटांतील फरक लक्षणीय आहे.' त्याला चौकट काढत. मग हात झटकून वरच्या टोकाला उदाहरण मांडायला घेत. "उत्तर माहीत असलं की भीती राहत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. मधल्या पायऱ्या त्यांनाही येत नाहीत, हे आम्हाला दिवाळीपर्यंत कळलं होतं.

नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. गणिताला घाबरून आर्ट्सला आलेली आणि माणसाचं मन ओळखायला निघालेली पोरं. संख्याशास्त्राचा पेपर सक्तीचा आहे, हे प्रवेश घेताना कुणी सांगितलं नव्हतं. चांगल्या मास्तराने अशा भेदरलेल्या पोरांना दोन-तीन महिन्यांत माणसात आणलं असतं. शेवाळे सरांनी आमच्या भीतीवर उभी नोकरी काढली.

ते मूळचे देवळ्याकडचे, घरचा कांदा. नमुना म्हणजे काय, हे त्यांनी एकदाच समजावलं. "ट्रॉली मार्केटात नेली की व्यापारी काय सगळा कांदा बघतो? वरचा बघतो. मग वर काय ठेवायचं, हे ज्याचं त्याला कळायला पाहिजे ना!" वर्ग हसला. मीही हसलो. खरं तर व्यापारी कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा बाहेर काढतो, त्याला फसवणं सोपं नाही. फसायचे ते आमचे बाहेरचे परीक्षक, आणि तेही खुशीने.

प्रोजेक्टसाठी प्रत्येकाने साठ माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. सरांनी विषय वाटले आणि सोबत निष्कर्षही वाटले. कॉलेजची जुनी चाल अशी, की साठ फॉर्म झेरॉक्स करायचे आणि कॅन्टीनमध्ये बसून आपणच भरायचे. सरांना हे ठाऊक होतं. त्यांची सूचना एवढीच, "एकाच पेनाने भरू नका रे, बरं दिसत नाय." मी तीन पेनं घेतली आणि दोन वडापावांवर एका दुपारी साठ माणसं जन्माला घातली. त्यात काही गृहिणी होत्या आणि एक निवृत्त पोस्टमनही होता. एकत्र कुटुंबात ताण कमी असतो, हे त्या सगळ्यांनी एकमुखाने सिद्ध केलं.

मंगल आमच्याच वर्गातली, पेठ तालुक्यातली. तिच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. वसतिगृहातली मुलं घरच्या मुलांपेक्षा जास्त एकाकी असतात, हे तिनं सिद्ध करायचं होतं. ती चार रविवार एसटीने पेठला गेली. प्रश्न पोरांना कळेनात, तेव्हा एकेकाला शेजारी बसवून तिनं ते त्यांच्या बोलीत सांगितले. आकडेमोड तीनदा तपासली आणि मग फाईल घेऊन भर वर्गात उभी राहिली.

"सर, फरक येत नाही."

"येत नाही कसा? आलाच पाहिजे."

"वसतिगृहातली पोरं म्हणतात, इथं सोबती आहेत. घरची पोरं सुट्टीला दिवसभर गुरांमागं एकटीच असतात, सर."

दुसऱ्या एखाद्या मास्तराने खुर्ची पुढे ओढली असती. सर म्हणाले, "पोरांचं काय ऐकत बसते? दहा-बारा फॉर्म बदल. लय लोड घेऊ नको."

"नाही बदलणार, सर. त्यांनी विश्वासानं सांगितलंय मला."

सरांची जर्नलवर सही नसेल, तर परीक्षेला बसता येत नसे. आणि वर्ष गेलं तर वडील परत नाशिकला पाठवणार नाहीत, हे मंगलनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. सरांनी ढिगातून माझी फाईल काढली, ती वर धरली आणि म्हणाले, "हा बघ. याचा बरा आला फरक! याला माणसं भेटली, तुलाच कशी भेटली नाहीत?"

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मी पोस्टमन भरत होतो, तेव्हा ती शेजारच्या टेबलावर चहा पीत होती. मी एक शब्द बोललो असतो, तर सरांना ती फाईल खाली ठेवावी लागली असती. मी बाकावरची रेघ नखाने कोरत राहिलो. मंगल परीक्षेला बसली नाही. मला फर्स्ट क्लास मिळाला.

सर निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि 'शंभर टक्के निकालाची परंपरा' असं सगळं यथासांग झालं. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, "मी पोरांना आकड्यांची भीती वाटू दिली नाही." मी टाळ्या वाजवल्या. शरमेची सवय झाली की हातही आपोआप वाजतात.

आता मी नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळ एका दवाखान्यात मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतो. गेल्या वर्षी सर तिथे आले, सोबत आठ वर्षांची नात. तिला वाचता येत नाही, अशी शाळेची तक्रार होती, आणि शाळा तिला त्याच वर्गात ठेवायचं म्हणत होती. मी दोन दिवस नीट चाचण्या घेतल्या, गुण काढले, रिपोर्ट लिहिला. मुलगी हुशार आहे, फक्त अक्षरं तिला वेगळ्या पद्धतीने शिकवावी लागतील, असं निघालं. सरांनी तो रिपोर्ट दोनदा वाचला. मधल्या आकड्यांवर बोट ठेवून वाचला.

"हे खरे आहेत ना रे? पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"खरे आहेत, सर."

"तसं नाही. पण तू माझ्याच हाताखालचा." ते हसले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "ती मंगल काय करते?"

दोन वर्षं घरी बसून, पुढे बाहेरून परीक्षा देऊन मंगलनं शिक्षण पुरं केलं होतं. आता पेठ तालुक्यातल्या शाळांमध्ये ती हेच काम करते. मी तेवढं सांगितलं.

"मग तिच्याकडून एकदा करून घेतो. ती आकडे बदलायची नाही."

कीव यावी असं त्यांचं तोंड झालं होतं. मला आली नाही. मी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली, नातीचा हात धरला आणि निघाले. माझा रिपोर्ट त्यांनी नेला नाही.