मामाजींची विलायती बैठक

आमच्या मामाजींना देशी वस्तूची शिसारी होती. अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि मामाजींच्या अकोल्याच्या घरात दिवा, खुर्ची, छत्री, सगळं विलायती झालं. कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं. "आपला कापूस तिकडं चालते, मंग तिकडचं सामान इथं काहून नाई चालनार?" मी त्यांच्या आडतीवर कामाला होतो, हे वाक्य रोज ऐकत असे.

एका चैत्रात मामींना अरुंधती दिसेना. सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची ती बारीक चांदणी, लग्नात दाखवतात ती. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं वर्ष निघत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. मामींनी ते मनाला लावून घेतलं, अन्नावरची वासना उडाली. मामाजी म्हणाले, "रडू नोको. अरुंधती काचेवर उतरवतो अन् तुह्या हातात देतो. डोयाजवळ धरून पाह्यजो."

बोलले तसं त्यांनी केलंही. आम्ही मुंबईला जाऊन फोटोचा कॅमेरा घेतला. पण आभाळ सरकतं, त्यामुळे काचेवर चांदणीची रेघ उठते. म्हणून चांदण्यांबरोबर कॅमेरा फिरवणारी चावीची बैठक लागते आणि तिचा कणा ध्रुवाकडे रोखावा लागतो. दुकानात अशा दोन बैठका होत्या. एक साधी लाकडी, कणा स्क्रूने वरखाली होणारा. दुसरी लखलखीत पितळेची, खास विलायतेतली, कणा जागच्या जागी ओतलेला. मामाजींनी लाकडीला हातसुद्धा लावला नाही.

अंगणात पितळी बैठक मांडली तर कणा भलताच उंच रोखलेला. मामी ओट्यावरून म्हणाल्या, "अवो, आपला ध्रुव कडुनिंबाच्या शेंड्याशी असते. तुमी इतल्या वर काहून पाहून राह्यले?"

मामाजी उखडले. "विलायतच्या कारागिराले तू शिकवून राह्यली काय?"

विलायतेत ध्रुव उंच दिसतो आणि बैठक तिथल्या आभाळासाठी घडवलेली होती, एवढी साधी गोष्ट. ती बायकोच्या तोंडून आली म्हणून गळी उतरली नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. मामी एकेक काच डोळ्यांपाशी नेत आणि खाली ठेवत. सगळ्यांवर रेघाच.

एकदा त्या म्हणाल्या, "थे राहू द्या. माहा एक चेहरा काढा, तेल्हाऱ्याले मायले धाडते."

"उजेडातलं काय, कवाबी निघते," मामाजी म्हणाले.

श्रावणात साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. मामाजींचा त्यांच्यावर जीव नव्हता असं मी म्हणणार नाही. होता, म्हणूनच मला त्यांचा अजून राग येतो.

पुढच्या चैत्रात मामाजींनी मुकाट्याने बाभळीच्या फळ्यांचा उतार केला, बैठक त्यावर तिरपी बसवली आणि कणा कडुनिंबाच्या शेंड्याशी आणला. काचेवर वसिष्ठ आणि अरुंधती शेजारी शेजारी उठले, दोन स्वच्छ ठिपके. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मामाजींनी काचेला विलायती चौकट केली.

वर्षश्राद्धाला मामींची आई तेल्हाऱ्याहून आली. मामाजींनी ती काच तिच्या हातात दिली. म्हातारीने ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"अरुंधती तं मले अजून आभायात दिसते, जवाईबापू," ती म्हणाली. "माही पोर कुठी हाय?"