डेअरीची भिंत

रविवार, सकाळी आठ. हजर: दिलीप, शकीलभाई, अर्चना आणि यादी धरून मी.

आम्ही घरात निघालेले साप पकडून रानात सोडतो. गावातल्या भिंतींवर प्रत्येकाने आपापल्या रंगात आपापला नंबर रंगवला होता. आता ठरलंय, सगळीकडे एकच नाव, एकच हिरवा रंग, एकच नंबर.

डेअरीच्या भिंतीवर आमच्यातल्याच सुभाषदादांचा नंबर आहे. दादा गेल्या वर्षी वारले. शकीलभाईंनी चुन्यात ब्रश बुडवला, तेवढ्यात समोरच्या घरातून दादांची बायको, आमच्या वहिनी आल्या.

"एवढी राहू द्या, भाऊजी. फोन आला की लोक विचारतात, दादा आहेत का? मी लगेच तुमचा नंबर देते."

"आणि तुम्ही आंघोळीला गेलेल्या असलात तर?" शकीलभाईंनी विचारलं.

गेलेल्या माणसाचं नाव घरात अधूनमधून कुणी घ्यावं, एवढ्यासाठीही नंबर लागतो, हे माझ्या यादीत नव्हतं. पण सापासमोर उभ्या असलेल्या बाईला दुसरा फोन करायला लावणंही बरोबर नाही.

"पुसा मग," वहिनी म्हणाल्या. "फक्त मी घरी नसताना."

तेरा भिंती झाल्या. चौदावी बाकी आहे. वहिनी मंगळवारी बाजाराला जातात.