अक्षतांसाठी राखून ठेवलेली कॅसेट

आधी त्या ताईचं सांगतो, मग काय झालं ते. सातपूरच्या अशोकनगरात एका छोट्या गाळ्यात ती आणि तिचे मिस्टर लग्नाची शूटिंग आणि मिक्सिंग करायचे. ताई नामपूरकडची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. त्या सकाळी तिने दुकानाला कुलूप घातलं नसतं, तर मी कोणत्या तोंडाने साहेबांसमोर उभा राहिलो असतो, ते मला अजून कळत नाही.

मी गडचिरोलीकडचा. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. हॉटेलांत भाजी चिरत, पातेली घासत नागपूर झालं, जळगाव झालं, आणि शेवटी नाशिकला एका कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी म्हणून चिकटलो. गावाला वर्षातून एकदा जाणं व्हायचं. मी "होय जी", "का जी" म्हटलं की गेटवरचा वॉचमन लगेच नक्कल करायचा, "का जी, झाला का जी सैपाक?" राग नाही यायचा, पण मी हळूहळू बोलणंच कमी केलं. आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात भीतीला फार जागा मिळते. गॅस बंद केला की नाही, हे बघायला मी अर्ध्या वाटेतून परत यायचो.

दोन हजार सालाच्या जरा पुढे-मागे कंपनीत मोठी मशीन बसवायला जपानहून एक साहेब आले. वर्षभर राहिले. सगळे मला भाऊ म्हणायचे, ते म्हणायचे "भाऊ-सान", सान म्हणजे त्यांच्याकडचं "जी". त्यांनी येताना एक छोटा टीव्ही आणला होता, त्याच्या पोटातच व्हीसीआर. आपल्या विजेवर तो चालायचा नाही, म्हणून शेजारी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असायचा. रविवारी जेवण झालं की साहेब एकच कॅसेट लावायचे. जपानी कार्टून. एका बेटावरची मुलगी आणि दीपगृहाची राखण करणारा एक म्हातारा. साहेब लहान असताना त्यांच्या वडिलांनी दुकानातून विकत आणलेली ती कॅसेट.

मी दाराशी उभा राहून बघायचो, मग ते हाताने खूण करून खुर्चीवर बसवायचे. भाषा कळत नव्हती, पण म्हातारा बोलला की साहेबांचं तोंड आपोआप हसायचं. एकदा त्यांनी समजावलं, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. "भाऊ-सान, न्यू डिस्क आया. कलर चेंज. आवाज चेंज. ये बुढ्ढा मेरा गाव का बोलता. न्यू में टोकियो का बोलता."

म्हणजे नव्या डिस्कसाठी आवाज पुन्हा नव्या लोकांकडून भरून घेतले होते. म्हाताऱ्याची गावंढळ बोली काढून शहरी केली होती. रंग उजळ केले होते. जुना आवाज फक्त या जुन्या कॅसेटीत होता. बाजारात ती आता मिळत नव्हती, आणि गावच्या घरात दुसरी नव्हती.

मी म्हटलं, "होते जी असं." कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने "जी" म्हटलं होतं.

त्या पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी लागली. कॅसेटीवरच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी पूड. डिसेंबरअखेर साहेब परत जाणार होते, आणि कॅसेट अशीच नेली तर तिकडे पोचेपर्यंत काय उरेल याची त्यांना धास्ती. मीच म्हणालो की इथे कॅसेटची सीडी करून देतात, माझ्या ओळखीचं दुकान आहे. साहेबांनी कॅसेट दोन्ही हातांनी दिली, देवाचा प्रसाद देतात तशी. म्हणाले, "नो चेंज. सेम सेम."

तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली होती. दुकानात ताई नव्हती, मिस्टर होते. त्यांच्याकडे परदेशी कॅसेटी चालणारा व्हीसीआर होता, कारण अमेरिकेत मुलं असलेली माणसं तिकडच्या कॅसेटी घेऊन यायची. मी दोनदा सांगितलं, "जसं आहे तसंच पाहिजे जी." ते म्हणाले, "टेन्शन नाय घ्यायचं दादा. साहेबाचं काम हे, एकदम टकाटक करून देतो."

आता यात त्यांची चूक म्हणू की काय म्हणू? लग्नाच्या कॅसेटीत मूळ आवाज म्हणजे नुसता गोंगाट. तो काढून गाणी भरणं, यालाच तर ते लोक मिक्सिंग म्हणायचे. कोणी "आहे तसं द्या" म्हणालं तर त्यांना वाटायचं, गिऱ्हाईक भिडेखातर बोलतंय.

सीडी आणली, कॅसेट तेवढी दुकानातच फळीवर राहिली, आणि साहेब कंपनीत असताना मी गेस्ट हाऊसच्या टीव्हीवर लावून बघितली. पहिल्यांदा गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग सोनेरी अक्षरांत "हार्दिक शुभेच्छा". मग समुद्र, त्याच्या चारी बाजूंनी फुलांच्या वेलींची चौकट, आणि वरून सनई. म्हातारा तोंड हलवतोय, आवाज नाही. रंग इतके चढवलेले की मुलगी आणि म्हातारा दोघांनाही हळद लागल्यासारखी. तो शिडी चढू लागला तर सिनेमातलं वरातीचं गाणं सुरू झालं.

मी गॅस दोनदा बघितला आणि सायकल काढून दुकान गाठलं.

ताई होती. तिने सीडी लावली आणि पोट धरून हसली. "अरे देवा! यांनी म्हाताऱ्याचं लग्नच लावून टाकलं!"

मला हसू येईना. "ताई, कॅसेट द्या जी परत. नाही तर मूळचं कॉम्प्युटरमधून काढा."

तिने कॉम्प्युटर उघडला. जागा कमी, म्हणून काम झालं की मूळ उतरवलेलं पुसून टाकायचे. पुसलेलं होतं. मग ती मागच्या फळीकडे गेली आणि तिचं हसणं थांबलं. फळी रिकामी होती.

"दादा, घाबरू नको हं," ती म्हणाली, आणि मी त्याच क्षणी घाबरलो.

झालं असं होतं. काम संपलेल्या, गिऱ्हाइकाने परत न नेलेल्या कॅसेटी पुढच्या शूटिंगला वापरायची त्यांची पद्धत. दुकानातून विकत आणलेल्या कॅसेटीवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा तोडलेला असतो. तिथल्या भोकावर चिकटपट्टी लावली की झालं, कोरी कॅसेट. मिस्टर पहाटेच देवळ्याला लग्नाला गेले होते, आणि फळीवरच्या सगळ्या कॅसेटी त्यांच्या बॅगेत होत्या.

ताईने देवळ्याला नवरीमुलीच्या घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. लग्नघरात फोन कोण उचलणार? मोबाईल त्यांच्याकडे अजून आला नव्हता. तिने रिसीव्हर ठेवला, शटर ओढलं, कुलूप घातलं.

"चल. सटाण्याची एसटी मिळेल, देवळ्यावरूनच जाते."

"ताई, तुमचं दुकान?"

"दुकान कुठं पळून जातंय? कॅसेट पळालीय."

पिंपळगावला कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर आडवे. एसटी हलेना. मी सारखा घड्याळ बघत होतो. ताईने माझा हातच खाली दाबला. "आमच्याकडची लग्नं तुला माहीत नाय. मुहूर्त पत्रिकेत असतो. नवरदेव नाचून दमल्याशिवाय अक्षता पडत नसतात." एवढं बोलून ती स्वतः ड्रायव्हरला ओरडायला पुढे गेली.

देवळ्याला उतरलो तर बँडचा आवाज स्टँडपर्यंत येत होता. वरात अजून रस्त्यातच होती. मी जन्मात कधी बँड ऐकून इतका हरखलो नव्हतो. मांडवाच्या दाराशी फेटेवाल्या काकांनी आम्हाला थांबवलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि अहिराणीत विचारलं, "तुम्ही कोनाकडला शेतस?" म्हणजे, कोणाच्या बाजूचे?

ताई म्हणाली, "कॅसेटकडला!" आणि मला ओढत आत घुसली.

मिस्टर खांद्यावर कॅमेरा घेऊन स्टेजजवळ उभे. आम्हाला बघून त्यांना वाटलं घरी कोणी गेलं. ताई ओरडली, "अहो, जपान्याची कॅसेट!"

"हे ना बॅगेत. लावली नाय अजून." ते अभिमानाने म्हणाले, "जपानी माल हे तो! चित्र लय भारी येईल म्हणून खास अक्षतांना राखून ठेवली. हळदीला साध्या वापरल्या."

मी मांडवातच खाली बसलो. कोणी तरी मला पाण्याचा ग्लास दिला. ताईने बॅगेतून कॅसेट काढली, चिकटपट्टी नखाने ओरबाडून काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. मिस्टरांचा चेहरा पडला. "मग अक्षता कशावर घेऊ?" "साध्यावर घ्या. नवरी तीच राहणार हे."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बसून काम केलं. गाणं नाही, चौकट नाही, रंग नाही. काहीच करायचं नाही, हे तिला फार जड गेलं. हात सारखा माऊसकडे जायचा. "दादा, ही खरखर तरी काढू दे. एका बटनाचं काम." मी म्हटलं काढून बघा. काढली, ऐकली. मग तिनेच पुन्हा पहिल्यासारखं केलं. "खरखरीबरोबर म्हाताऱ्याचा श्वास पण गेला रे. दम लागलेला कळतच नाय."

रविवारी साहेबांनी सीडी लावली. खरखर होती, मध्ये मध्ये पांढऱ्या रेघा होत्या, आणि म्हातारा बोलला. साहेब त्याच्याबरोबर ओठ हलवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सेम सेम." त्या दिवशी मी गॅस बघायला एकदाच गेलो.

साहेब जाताना सीडी आणि कॅसेट दोन्ही घेऊन गेले. ताईने माझ्याकडून काही घेतलं नाही. म्हणाली, "आमच्याच घरचा घोळ, त्याचे कसले पैसे?"

तेव्हापासून बरीच वर्षं गेली. मिक्सिंगचं काम आता मंदावलंय, त्या गाळ्यात निम्मं मोबाईल रिचार्जचं दुकान झालंय. ताईची मुलगी बारावीला आहे. मी ताईला सांगून ठेवलंय, आणि इथेही लिहून ठेवतो: त्या मुलीचं लग्न ठरेल तेव्हा नामपूर असो की कुठेही, आचारी शोधायचा नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत चूल माझी. तोवर माझे हात चालू राहोत, एवढंच देवाजवळ मागणं आहे जी.