पांढरी जमीन

अण्णा, मी कतारला निघालो त्या दिवशी हायवे लवकर गाठायचा म्हणून तुम्ही जीप आटलेल्या तळ्यातून घातलीत. स्वतः पुढे चालत होतात, टाचेने जमीन ठोकत. "तळ पांढरा पडला की खुशाल गाडी घालावी. बैलाचा पायसुद्धा रुतत नाही." आई जीपमध्ये रडत होती आणि तुम्ही जमिनीबद्दल बोलत होतात. तुम्हाला रडू आलं की जमिनीबद्दलच बोलता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

फोनवर तुम्ही विचारता, तिकडे नुसती वाळूच ना? मी हो म्हणतो. खरं तर सौदीच्या सीमेकडे, जिथे मी सर्व्हेला जायचो, तिथे वाळू कमी आणि दगड जास्त. खडकाच्या फटीत सांडे, म्हणजे काटेरी शेपटीचे मोठे सरडे, ऊन खात पडलेले असतात. चाहूल लागली की गडप. मध्येच बुजलेली एखादी जुनी विहीर लागते. आमचे ड्रायव्हर रशीदचाचा मूळचे बलुचिस्तानचे, तीस वर्षं इथेच. सीमा नव्हती तेव्हा कुठले कळप कुठल्या विहिरीवर यायचे, हे त्यांनी इथल्या म्हाताऱ्या बदू मेंढपाळांकडून ऐकलेलं. आता मधे कुंपण आहे आणि विहिरीत दगड.

गेल्या जूनमध्ये साइटवरून परतताना समोर पांढरं सपाट मैदान होतं. वळसा घातला तर तासभर जास्त. मी म्हटलं, चाचा, सरळ घ्या, जमीन सुकलेली आहे.

"साहब, ये सबखा है. ऊपर नमक, नीचे दलदल. कच्चे रास्ते से चलते हैं."

मला हसू आलं. म्हटलं, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला जमीन शिकवू नका. यल्ला, चला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंग वळवलं.

पाचशे मीटरवर गाडी दारापर्यंत खचली. फोनला रेंज नव्हती. गुडघे चालत नाहीत म्हणून चाचा गाडीच्या सावलीत थांबले आणि होतं त्यातलं जास्त पाणी मला दिलं. रस्ता गाठून पोलिसांना घेऊन परत यायला मला चार तास लागले. तोवर सावली दुसऱ्या बाजूला गेली होती. चाचा पहिल्याच बाजूला होते.

चाचांच्या मृत्यूच्या रिपोर्टमध्ये मी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं: ड्रायव्हरने मार्ग सोडला. ते खोटंही नव्हतं. स्टिअरिंग त्यांच्याच हातात होतं.

चाचांचे भाऊ बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत राहतात. चाचांचं सामान द्यायला गेलो तेव्हा भावाने मला चहा पाजला आणि एवढंच विचारलं, "तीस साल में भाई ने कभी रास्ता नहीं छोड़ा. उस दिन क्यों छोड़ा?" मी म्हणालो, पता नहीं. त्यांनी मान हलवली.

अण्णा, तुम्ही विचारता, दोन सुट्ट्या गेल्या, का येत नाहीस? मी कामाचं सांगतो आणि तुम्ही लगेच मानता. घर म्हणजे हेच, तिथे माझं बोलणं कुणी तपासून बघत नाही. म्हणूनच मला यायचं धाडस होत नाही.