लीड ठरला पोह्याच्या ठेल्यावर

परवा रामदासपेठेत, आमच्या ऑफिसखालच्या पोह्याच्या ठेल्यावर माझं डोकं सटकलं. पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीमुळे नाही...

आमच्याकडे हायब्रिड आहे. काही दिवस ऑफिस, काही दिवस घर, कंपनीनंच ठरवून दिलेलं. माझी सहकारी वैशाली घरच्या दिवसांत लकवा झालेल्या सासऱ्यांचं करून काम करते, आणि आमच्यापेक्षा जास्तच करते.

परवा नव्या प्रोजेक्टचा लीड ठरायचा होता. वैशालीला तो किती हवा होता, ते मला ठाऊक आहे. सकाळच्या मीटिंगला ती घरून लॅपटॉपवर अगदी तयारीनिशी बसली होती. सर म्हणाले, बाकी नंतर बोलू... आणि कॉल बंद.

हे 'नंतर' म्हणजे तर्री पोहे. कॉल संपला की ऑफिसातली अख्खी टीम खाली उतरते आणि जे ठरायचं ते प्लेट हातात असताना ठरतं. परवाही सरांनी पोह्यांवर शेव टाकता टाकता टीममधल्या निखिलला लीड देऊन टाकला.

मी विचारलं, वैशालीचं काय?

"ते घरी राहते ना वं. घरचं एवढं पाहते, तिले कायले अजून त्रास द्यायचा?" सर म्हणाले. वर चेहरा असा, जणू तिच्यावर उपकारच करताहेत.

संताप आला मला. घरून काम करा असं तुम्हीच सांगायचं आणि मग तेच तिच्या आड आणायचं? तिला झेपेल की नाही, हे तिला न विचारता ठरवणारे तुम्ही कोण?

वाद घालत बसले नाही. सरळ वैशालीला व्हिडिओ कॉल लावला. ठेलेवाल्या काकांनी न सांगता शेवेची बरणी पुढे सरकवली, मी त्या बरणीला मोबाईल टेकवला.

"वैशाली, इथं लीड ठरून राहिला. तू बोल."

ती शांतपणे म्हणाली, "सर, क्लायंट चिडला का तुम्ही मलेच फोन करता. तवा मी घरी राहते ते चालते तुम्हाले. मंग आज काहून नाही? मले विचारून त पाहाचं होतं."

यावर निखिलच म्हणाला, "सर, हे काम तिचंच आहे."

सर खाकरले. "बरं, तूच घे वं," म्हणाले आणि पोहे खायला लागले.

वैशालीसाठी खूप आनंद झालाय. राग मात्र अजून गेलेला नाही... आभार फक्त काकांचे. इतक्या दिवसांत आमच्या ऑफिसची पहिली खरी हायब्रिड मीटिंग त्यांच्या शेवेच्या बरणीला टेकून झाली.