वाटीभर डोळे

रविवारी भंडाऱ्याच्या मटण दुकानात तो ओला, लोखंडी वास आला, की मला मेश्राम मॅडमचं स्वयंपाकघर आठवतं.

मी तेव्हा डोळ्यांची डॉक्टर व्हायला शिकत होते. बरोबरीच्यांना मोतीबिंदूची ऑपरेशनं मिळत. माझं आडनाव कळल्यापासून मला फक्त चष्म्याचे नंबर. हे ऐकून आमच्याच समाजातल्या, स्वतःचा दवाखाना असलेल्या मॅडमनी मला घरी बोलावलं. ओट्यावर जुना मायक्रोस्कोप होता आणि स्टीलच्या वाटीत बकऱ्याचे डोळे. त्यातला एक थर्माकोलवर टाचून त्यांनी सुई माझ्या हातात दिली. पहिल्याच टाक्याला बुबुळ फाटलं. मला रडू कोसळलं.

"कायले रडून राहिली? दुसरा घे."

दुसराही फाटला. त्यांनी वाटी पुढे सरकवली. तेव्हा वाटलं, किती कोरड्या आहेत या! ती वाटी काठोकाठ का भरली होती, हे आता कळतं.

आज दुकानदाराने विचारलं, "मॅडम, एवढे डोळे कायले?"

"घरी एक पोरगी शिकाले येऊन राहिली," मी म्हटलं. "तिले चुकाले जागा पाह्यजे."